तिच्या वजनाचा त्रिशूल

माणसाकडे पाहिलं की आपल्याला आधी त्याचा चेहरा दिसतो. आमच्या घरमालकांना वजन दिसायचं. ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमारास मी सौंसरच्या मंडीच्या कचेरीत बाबू म्हणून लागलो आणि खोली पाहायला त्यांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा त्यांनी माझं नाव, गाव, पगार यांतलं काहीच विचारलं नाही. मला वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं आणि आत तोंड करून बायकोला म्हणाले, "पन्नासाच्या आत आहे व हा. याच्यासाठी दोन भाकरी जास्ती टाकत जा." खोली मिळाली, असा त्याचा अर्थ होता.

ते त्याच मंडीत मापारी होते. शेतकऱ्याच्या बैलबंडीतून कापूस उतरला की काट्यावर तोलायचा आणि वजन मोठ्यानं पुकारायचं, हे त्यांचं काम. त्यांनी पुकारलेल्या वजनावर शेतकरी हरकत घेत नसे आणि व्यापारीही घेत नसे, ही मंडीत नवलाचीच गोष्ट होती. गावात त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे, म्हणून मीही इथं मापारीच म्हणतो. बांधा काटक, डोक्याला पांढरं मुंडासं, आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली. सगळी उमर पोती उचलून तो तसा झाला होता.

तोलताना पहिल्या पोत्याला ते 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. ही जुन्या मापाऱ्यांची रीतच होती. पण बाकीचे मापारी ती मंडीच्या फाटकावर ठेवून घरी जात, यांनी ती घरातही आणली होती. ताटातल्या भाकरी लाभ, दोन, तीन. संध्याकाळी गोठ्यातल्या गाई लाभ, दोन. कोणी परक्या माणसानं विचारलं, "लेकरं किती जी तुम्हाले?" तर म्हणायचे, "लाभ." विचारणारा बिचारा डोकं खाजवत जाई. त्यांना एकुलती एक मुलगी होती.

संत्र्यांवर त्यांचा राग होता. आमच्या भागात संत्री शेकड्यानं विकतात, आणि मोजून माल विकणं त्यांना अडाणीपणाचं वाटे. बागवाल्यांशी ते उगाच वाद उकरून काढत. "लिंबाएवढं बी लाभ अन् बेलाएवढं बी लाभ? हा काय न्याय झाला?" बागवाले हसत, चार संत्री हातावर ठेवत आणि सुटका करून घेत. मापारी ती चार संत्री तळहातावर झेलून आधी तोलत आणि मगच खात.

या माणसाबरोबर राहणं कठीण नव्हतं. घरमालकीण काकूंच्या हातची वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकरी खाऊन मी वर्षभरात पन्नासाच्या पुढे गेलो, ते त्यांनीच मला सांगितलं. पण त्या घरात एक गोष्ट अशी होती की तिच्यामुळे मला त्यांचा मनापासून राग येत असे. ती म्हणजे त्यांचा नवस.

नवसाची हकिकत मला काकूंनी सांगितली. मुलगी दोन वर्षांची असताना तिला हगवण लागली. पोर सुकून चिपाड झालं. छिंदवाड्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा मापारी बाहेरच्या ओट्यावर गेले, उत्तरेकडे तोंड केलं आणि चौरागडच्या महादेवाला बोलले की पोरगी वाचली तर तिच्या वजनाचा त्रिशूल माझ्या खांद्यावर घेऊन तुझ्या पायाशी आणीन.

यात वावगं काहीच नव्हतं. पचमढीच्या डोंगरात चौरागड म्हणून उंच शिखर आहे. शिवरात्रीला आमच्याकडची आणि विदर्भातली गावंच्या गावं ते चढून जातात, आणि ज्याचा नवस फळला तो लोखंडी त्रिशूल खांद्यावर घेऊन जातो. कोणाचा हातभर असतो, कोणाचा दोन माणसांनी उचलावा असा. वर देवळाजवळ त्या त्रिशुळांचं रानच उभं राहिलेलं आहे. मुलगी वाचली. त्याच शिवरात्रीला नेला असता तर त्रिशूल एखाद्या कोंबड्याएवढा भरला असता.

तिथं मापाऱ्यातला मापारी आडवा आला. ते काकूंना म्हणाले, "ओल्या कापसाचं वजन खोटं, तसं सुकल्या लेकराचं बी खोटं. आजारातलं वजन देवाले देऊ? म्हणजे देवाले काटा मारू? भरू दे तिले थोडी." पुढच्या वर्षी मुलगी भरली. पण तेव्हा तिला गोवर येऊन गेला होता, म्हणून ते वजनही खरं नव्हतं. त्याच्या पुढच्या वर्षी ती बरी होती, पण आदल्या रात्री मामाच्या घरी पुरणपोळी खाऊन आली होती, आणि पुरणपोळीचं वजन महादेवाला देण्यात मापाऱ्यांना अर्थ वाटेना. असं करता करता वर्षं गेली. मुलगी भरतच होती. लोकांची लेकरं मोठी होतात तेव्हा त्यांना कपडे आखूड होतात. या घरात त्रिशूल जड होत होता.

मी राहायला गेलो तेव्हा ती मॅट्रिक होऊन घरी होती. दरवर्षी शिवरात्रीच्या महिनाभर आधी मापारी अंगणातल्या कडुलिंबाच्या फांदीला काटा टांगत, एका बाजूला पाट आणि एका बाजूला मापं. मुलगी पाटावर बसे. आधी मंडीतच तोलत, पण वयात आल्यावर तिनं मंडीत यायला साफ नकार दिला, म्हणून काटा घरी आला. तोल झाला की बारदाना कापायचा. पोत्यातल्या मालाचं वजन काढताना पोत्याचं वजन वजा करतात, तसं हे तिच्या लुगड्याचं, बांगड्यांचं आणि कानातल्यांचं वजा करत. मुलगी मान खाली घालून बसलेली, शेजारच्या बायका कुंपणावरून पाहत असलेल्या. त्यांच्यातली एक म्हातारी दरवर्षी न चुकता म्हणे, "नाकापेक्षा मोती जड करून ठेवला बापानं." मापारी ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि शेवटी मान हलवत. "या साली नाही जमत. खांदा तयार नाही. पुढच्या वर्षी."

मी एकदा त्यांच्याशी भांडलो. म्हटलं, देवाला भाव लागतो, किलो लागत नाहीत. हातभर त्रिशूल न्या आणि मोकळे व्हा.

"बाबू," ते शांतपणे म्हणाले, "तू मंडीत नोकरी करून राहिला. शेतकऱ्यानं एक क्विंटल कबूल केलं अन् पसाभर कापूस आणून म्हटलं का माहा भाव पाहा, तर चालते काय?"

मी म्हटलं, देव व्यापारी नाही.

"व्यापाऱ्याशी इमान ठेवाचं अन् देवाशी नाही, असं कोन्या शाळेत शिकवलं तुले?" मी उठून खोलीत गेलो.

राग यायचं खरं कारण तिगावचं होतं. तिगावच्या एका शेतकऱ्याच्या मुलाशी तिची सोयरीक जुळत आली होती. माझं घर पांढुर्ण्याचं, तिगाव तिथून जवळ, मुलगा माझ्या पाहण्यातला. शांत होता, निर्व्यसनी होता, घरची बाग होती. मुलीलाही तो पसंत होता. असं ती बोलली नाही, पण मी शनिवारी पांढुर्ण्याला जायला निघालो की ती दारापर्यंत येऊन "तिकडं पाणी कसं आहे जी?" असं विचारायची, आणि मला काही पावसापाण्याची मोठी जाण आहे असं तिला वाटत नव्हतं. मापाऱ्यांनाही मुलगा मान्य होता. पण ते म्हणाले, नवस आधी, लगन मागून. "लगन झालं का ती दुसऱ्याच्या घरची. मंग कोन्हाच्या वजनाचा नवस फेडू? दुसऱ्याचा माल मी कायले तोलू?" तिगाववाले एक वर्ष थांबले. दुसरं वर्षही थांबले. मग माझ्याच हाती त्यांनी निरोप दिला की या शिवरात्रीपर्यंत वाट पाहतो, पुढे आमच्याही घरात म्हातारी माणसं आहेत.

मी निरोप सांगितला तेव्हा मापारी जेवत होते. त्यांनी हातातला घास खाली ठेवला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "या साली जातो." काकूंनी माझ्याकडे पाहिलं. हे वाक्य त्या घरात कोणी आधी ऐकलेलं नव्हतं.

त्यानंतर जी तयारी सुरू झाली, ती सगळ्या सौंसरनं पाहिली. छिंदवाड्याच्या वाटेवर सिल्लेवानीचा घाट लागतो. मंडीला सुट्टी असेल त्या दिवशी मापारी पोत्यात रेती भरत, पोतं घेऊन बसमध्ये चढत, घाटाच्या पायथ्याशी उतरत, पोतं खांद्यावर घेऊन घाट चढत आणि वरून येणाऱ्या बसनं परत येत. पहिल्यांदा मी सोबत होतो. कंडक्टरनं पोत्याला पाय लावून विचारलं, "क्या है इसमें?"

"रेती."

"रेती कायले नेऊन राहिले घाटावर? घाटात रेती नाही काय?"

"नेऊन वापस आणाची आहे."

कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. परतताना नेमका तोच कंडक्टर भेटला आणि तेच पोतं पाहून त्यानं काहीही न विचारता आम्हाला मागच्या सीटवर बसायची खूण केली. पुढे पुढे त्या मार्गावरचे सगळे ड्रायव्हर-कंडक्टर त्यांना ओळखू लागले आणि घाटात बस हळू करून विचारू लागले, "मापारीजी, आज कितीची रेती आहे?" ते आकडा सांगत. दर खेपेला तो थोडा वाढलेला असे.

त्यांचे नियमही ठरलेले होते. नवी चप्पल घालायची नाही. चढताना बोलायचं नाही, बोलण्यानं ओझं वाढतं. बसायचं नाही, थांबायचं ते उभ्यानं. खांदा बदलायचा, पण ओझं खाली ठेवायचं नाही, कारण खाली ठेवलेलं ओझं पुन्हा उचलताना दुप्पट होतं. आणि सगळ्यांत मोठा नियम असा की दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायचा नाही. तो त्यांच्या बोलीतलाच होता, माझ्या खांद्यावर आणीन असं ते बोलले होते.

त्या वर्षीचा तोल मला चांगला आठवतो. काटा लिंबाला टांगला, मुलगी पाटावर बसली, बारदाना कापला, आणि मापारी काट्याकडे पाहतच राहिले. गेल्या वर्षीपेक्षा वजन कमी भरलं होतं. मला वाटलं, बरं झालं. त्यांना तसं वाटलं नाही. त्यांनी मापं उतरवली, पुन्हा चढवली. काट्याची जीभ बोटानं धरून सोडली. मग मुलीच्या मनगटावरच्या बांगड्या चिमटीत धरून पाहिल्या, त्या कोपराकडे सरकत होत्या.

"कईपासून उपाशी राहून राहिली व?" त्यांनी विचारलं.

ती बांगड्या खाली सारू लागली.

"माय, म्या तुले विचारलं."

"उपाशी नाही," ती म्हणाली. "रातचं जेवत नाही फक्त. तुम्हाले तेवढंच हलकं होईन."

मापाऱ्यांनी काटा काढला, गुंडाळला आणि काकूंना म्हणाले, "हे वजन मी धरत नाही. पंधरा दिवस हिले दूध अन् तूप दे. मंग तोलू." शिवरात्र तोंडावर आली असताना मुलीला भरायला लावणारा आणि स्वतःच्या खांद्यावरचं ओझं वाढवून घेणारा हा माणूस वेडा आहे, याबद्दल माझी खात्री पटली. पण त्या संध्याकाळी ते मुलीच्या ताटासमोर बसले होते आणि ती शेवटचा घास खाईपर्यंत उठले नाहीत, हेही मी पाहिलं.

पंधरा दिवसांनी तोल झाला. मणभराला थोडी जास्त भरली. लोहारानं त्रिशूल घडवला तो तोलात किंचित कमी आला, तेव्हा मापाऱ्यांनी त्याला खाली लोखंडी कडं जोडायला लावलं. पुन्हा तोलला तर तो रतीभर जास्त झाला. "जास्ती चालते," ते म्हणाले, "कमी नाही चालत." हळदकुंकू लावून त्रिशूल ओसरीत आडवा ठेवला, तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोचला.

आम्ही तिघं निघालो. मुलीला न्यायचं त्यांच्या मनात नव्हतं, पण ती पिशवी भरून दारात उभी राहिली आणि काकू म्हणाल्या, जिच्यासाठी चालले तिले तरी देव दाखवा. काकूंचे पाय सुजत, त्या घरी थांबल्या. मला त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं की लक्ष ठेवा. छोट्या लायनीच्या गाडीत त्रिशूल खिडकीतून आत घेतला, रामाकोन्याला चढलेल्या बायकांनी त्याला हात जोडून नमस्कार केला. छिंदवाड्याहून बसनं जुन्नारदेव, आणि तिथून पायी. पायवाटेला माणसांची रांग लागलेली. कोणाच्या डोक्यावर गाठोडं, कोणाच्या कडेवर पोर, आणि दर थोड्या वेळानं कोणीतरी 'हर बोला' म्हणे आणि सगळी रांग 'हर हर महादेव' म्हणून उत्तर देई. मापारी बोलत नसत. खांद्यावर जुन्या लुगड्याची चुंबळ, तिच्यावर त्रिशूल, दुसऱ्या हातात काठी. सपाटीवर ते माझ्यापुढे चालत होते. त्यांच्या निम्म्या वयाचा मी, हातात नुसती भाकरींची पिशवी, आणि मला धाप लागत होती.

भुराभगतला मुक्काम केला. तिथून पुढे रान दाट होत जातं आणि वाट उभी होते. सकाळी निघालो. सागाची पानं वाळून वाटेवर पडलेली, त्यावरून पाय सटके. नाल्यातले गोटे, मग चढ, मग उतार, आणि पुन्हा त्याहून मोठा चढ. मापारी चढाला लागले की थोडे पुढे वाकत, त्रिशुळाचं टोक मागं वर जाई आणि मागचे लोक आपोआप अंतर ठेवत. एक धिप्पाड जवान मुलगा जवळ येऊन म्हणाला, "बाबाजी, द्या मले थोडा वेळ." त्यांनी नुसती मान हलवली. आणखी एकानं विचारलं. पुन्हा मान हलवली. घाटातल्या रेतीनं त्यांना तयार केलं होतं यात शंका नव्हती. उन्हं चढली तरी त्यांची चाल बदलली नाही, आणि माझ्या मनात पहिल्यांदाच आलं की हा माणूस नेतो बहुधा.

दगडी पायऱ्या सुरू झाल्या आणि तिथं त्यांचा गुडघा गेला. पायरी उंच होती. त्यांनी डावा पाय वर टाकला, अंग उचललं, आणि गुडघ्यात काहीतरी निसटल्यासारखे ते एका बाजूला झुकले. पडले नाहीत. उभ्यानंच थोडा वेळ थांबले. दुसरी पायरी चढायला गेले तर पाय वाकेनाच. त्यांनी दोन-तीनदा प्रयत्न केला. मग काठी सोडली, दोन्ही हातांनी त्रिशूल उतरवला, कडेच्या दगडावर आडवा ठेवला आणि त्याच्याजवळ बसले. चढावर त्यांना ओझं खाली ठेवताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मी गुडघा दाबून पाहिला. तो भोपळ्यासारखा सुजत चालला होता. पाणी लावलं, उपरणं बांधलं. वर पाहिलं तर शिखर दिसत होतं, देवळाजवळचा भगवा झेंडाही दिसत होता. लोक आमच्या बाजूनं वर जात होते. मापाऱ्यांनी एकदा वर पाहिलं, एकदा त्रिशुळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "इथंच एखाद्या पुजाऱ्याच्या झोपडीत ठेवू. पुढच्या वर्षी येतो."

तिगावचा निरोप मीच आणला होता. मी मुलीकडे बघायचं टाळलं.

बापाला उलटून बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. ती एक पायरी खाली उभी होती. म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षी मी अजून भरीन, अन् तुम्ही अजून उतरान."

मापारी गुडघ्यावरच्या उपरण्याची गाठ घट्ट करू लागले.

"मंग पुन्हा नवा त्रिशूल घडवान? त्याच्या पुढच्या वर्षी अजून नवा?" ती रडत नव्हती. तिचा आवाज एखादा हिशोब समजावून घ्यावा तसा सरळ होता. "मंडीत पोतं काट्यावर चढवताना दुसऱ्या कोन्हाचा हात चालत नाही. मालधन्याचा चालते का नाही?"

ही खरंच मंडीतली रीत होती. तोल सुरू असताना व्यापाऱ्याचा माणूस पोत्याला हात लावू शकत नाही. पण ज्याचा माल आहे तो शेतकरी पोत्याला खालून हात देऊ शकतो, आणि त्यावर कोणी हरकत घेत नाही. मापाऱ्यांनीच हा नियम मंडीत कडकपणे चालवला होता.

"चालते," ते म्हणाले.

"हे वजन कोन्हाचं आहे?"

रांगेतून दोन-तीन टोळ्या हर हर महादेव करत वर गेल्या. मला वाटलं ते नाहीच म्हणणार, कारण बोली त्यांच्या खांद्याची होती, आणि ते बोलीतलं अक्षर सोडणारे नव्हते. पण ते मुलीकडे पाहत होते. तिला तोलताना ते काट्याकडे पाहायचे. असं तिच्याकडे पाहताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"तुहं," ते म्हणाले.

तिनं पदर खोचला, चुंबळ आपल्या खांद्यावर घेतली आणि त्रिशुळाचं मागचं, कडं असलेलं टोक उचललं. मापारी एका हातानं माझा खांदा धरून उठले आणि पुढचं टोक आपल्या खांद्यावर घेतलं. त्यांचा पाय वाकत नव्हता, म्हणून ते प्रत्येक पायरी एकाच पायानं चढत आणि दुसरा ओढून घेत. ओझं उतारानं मागं सरकत होतं, म्हणजे जास्त भार मुलीवर येत होता. तिचं तोंड लाल झालं होतं, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, पण तिनं एकदाही थांबा म्हटलं नाही. थांबत होते ते मापारी, आणि थांबले की मागे वळून विचारत, "खांदा बदलाचा आहे काय, माय?" ती मान हलवे. अगदी त्यांच्यासारखीच.

वर पोचलो तेव्हा दोघांच्याही खांद्यावर वळ उठले होते. पुजाऱ्यानं पाणी शिंपडलं, त्रिशूल घेऊन शेकडो त्रिशुळांच्या गर्दीत उभा केला, आणि आम्ही दर्शन घेऊन परत आलो तेव्हा तो कोणता होता हे मला सांगता आलं नसतं. मुलगी प्रसाद घ्यायला रांगेत उभी राहिली. मापारी पायरीवर पाय लांब करून बसले. मी म्हटलं, झालं, आता सुटलात.

"तिगावले निरोप धाड," ते म्हणाले. "वैशाखातला मुहूर्त पाहा म्हणाव."

मला इतका आनंद झाला की मी त्यांचे पाय चेपायला घेतले. चेपता चेपता हसत म्हणालो, पहिल्याच वर्षी आणला असता तर हातात झुलवत आणला असता. एवढं खरं वजन, खरं वजन करत बसलात म्हणून ही वेळ आली.

ते हसले नाहीत. रांगेकडे पाहत हळूच म्हणाले, "बाबू, वजनाचं ते लोकाईले सांगाले होतं."

मी पाय चेपायचा थांबलो.

"पहिल्या वर्षीच त्रिशूल घडवाले सांगून आलो होतो. घरी आलो तं पोरगी अंगणात खेळून राहिली होती. मनात आलं, ज्याचं देणं बाकी आहे त्याले सावकार मरू देत नाही. येता-जाता विचारपूस करते. अन् देणं फिटलं का वळून बी पाहत नाही." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "म्हटलं, राहू द्या बाकी. बाकी आहे तोवर महादेवाचं ध्यान राहीन तिच्यावर. अठरा-एकोणीस साल ठेवलं न त्यानं ध्यान. मी काय खोटं बोललो?"

इतकी वर्षं मी या माणसाला हटवादी म्हणत आलो होतो, भांडलो होतो, मागे टवाळी केली होती. लिंबाखालचा तो काटा, तो बारदाना, ते 'पुढच्या वर्षी', सगळं भीतीपोटी होतं आणि एवढ्या लहानशा घरात ते कोणालाच समजलं नव्हतं. मी म्हणालो, मग आज कसा आणलात?

"तिनं उचलला न," ते म्हणाले. "म्या कुठं आणला."

मुलगी प्रसाद घेऊन आली. आम्ही उतरायला लागलो. ती पुढे होती, ओझं गेल्यामुळे पायऱ्या भरभर उतरत होती. मापारी माझ्या खांद्यावर हात टाकून लंगडत मागून येत होते. गुडघा आता चांगलाच सुजला होता आणि दर पायरीला त्यांचा सगळा भार माझ्यावर येत होता. मी त्यांना दोनदा सांगितलं की खाली बघून पाय टाका. ते खाली बघत नव्हते.

"हळू, माय," ते पुढे ओरडले. "तिथला गोटा हालते."

"दिसते मले, बाबा," ती न वळता म्हणाली.

"दिसू दे. हळू जा." मग तिला ऐकू जाणार नाही अशा आवाजात मला म्हणाले, "आजपासून आपल्यालेच पाहा लागते." आणि भुराभगत येईपर्यंत त्यांनी तिच्या पायांवरची नजर काढली नाही.